नदीला परत दिलेला काठ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एवढेच सांगितले होते, "शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. तू राहतेस तिथले काहीतरी लिही." मी गेली अकरा वर्षे जर्मनीत म्युनिक शहरात राहते आणि सॉफ्टवेअरचे काम करते. त्या कामाबद्दल लिहिले तर निम्मी तुकडी पान उलटेल, याची मला खात्री आहे. म्हणून विषय निवडला तो नदीचा. वाईच्या माणसांना नदीबद्दल ऐकायचा कंटाळा येत नाही.

म्युनिकच्या नदीचे नाव ईझार. तिच्या काठाचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास इथे थोडक्यात सांगते. तो असा की, दीडशे वर्षे एका शहराने आपली नदी दगड-काँक्रीटमध्ये आवळत नेली आणि मग त्याच शहराने अकरा वर्षे खपून शहरातला आठ किलोमीटरचा काठ पुन्हा मोकळा केला. हे त्यांनी हौसेने केले नाही. आवळलेली नदी पुरालाही पुरत नव्हती, माशांनाही पुरत नव्हती आणि तिच्या पाण्यात पोहण्याची सोय राहिली नव्हती, म्हणून केले. आपल्याकडे काठ ढासळला की पहिली मागणी होते ती संरक्षक भिंतीची. त्यामुळे हा इतिहास दूरच्या देशाचा असला तरी आपल्या कामाचा आहे.

गोट्यांची नदी

ईझार उगम पावते ऑस्ट्रियात, आल्प्सच्या कार्वेंडेल डोंगररांगांत. तिथून ती जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात येते, म्युनिकमधून जाते आणि सुमारे २९५ किलोमीटर वाहून डॅन्यूबला मिळते. आपली कृष्णा महाबळेश्वरहून खाली येते तशीच ही डोंगरातून सपाटीवर उतरणारी नदी. फरक असा की तिला पाणी पावसाचेही मिळते आणि वितळणाऱ्या बर्फाचेही. त्यामुळे तिचे मोठे पूर बहुतेक मे ते सप्टेंबर या काळात येतात.

या नदीची खरी ओळख पाण्यापेक्षा तिच्या गोट्यांमध्ये आहे. आल्प्सचा चुनखडीचा दगड फुटतो, नदी तो घासत-लोळवत खाली आणते आणि सपाटीवर येताच टाकून देते. मूळची ईझार एका पात्रात वाहत नव्हती. पसरट खोऱ्यात तिचे पाच-सहा प्रवाह असत, मध्ये गोट्यांची बेटे असत, आणि प्रत्येक पुरात ही सगळी मांडणी बदले. आज ज्या बेटावर वाळुंजाची रोपे दिसतात ते पुढच्या पुरात वाहून जायचे आणि थोड्या अंतरावर नवे तयार व्हायचे.

म्हणजे काठ ढासळणे हा त्या नदीचा रोजचा व्यवहार होता. आणि त्या ढासळण्यावर कितीतरी जीव जगत होते. ताज्या ढासळलेल्या उभ्या कडेत खंड्या बीळ करतो. आपल्याकडे वेडे राघूही तेच करतात. उघड्या गोट्यांवर चिखल्या पक्षी अंडी घालतो. गोट्यांच्या फटींतून थंड, प्राणवायू असलेले पाणी खेळते म्हणून मासे तिथे अंडी सोडतात. काठ कायमचा घट्ट केला की यातले एकेक जण घर सोडून जाते.

११५८ मध्ये हेन्री द लायन या सरदाराने या नदीवर पूल उभारून मिठाचा व्यापार आपल्या ताब्यात घेतला, आणि त्या पुलामुळे म्युनिक शहर उभे राहिले. पुढे शेकडो वर्षे नदीचा उपयोग मुख्यतः वाहतुकीसाठी होई. डोंगरातली लाकडे एकत्र बांधून त्यांचे तराफे प्रवाहात सोडायचे, त्यावर चुना, कोळसा असा माल लादायचा आणि शहरात पोचल्यावर तराफा सोडून लाकूडही विकायचे. म्युनिकच्या ज्या जोड-मनोऱ्यांच्या चर्चचे चित्र सगळीकडे दिसते, त्या फ्राउएनकिर्खच्या छताचे लाकूड असेच नदीवरून आलेले आहे.

आवळण्याचा काळ

१३ सप्टेंबर १८१३ रोजी नदीला मोठा पूर आला. शहरातल्या पुलावर पूर पाहायला गर्दी जमली होती. पूल कोसळला आणि शंभराहून अधिक माणसे बुडाली. पूर पाहायला पुलावर जमणारी माणसे कोणत्या गावात नसतात? म्युनिक हा दिवस विसरले नाही. नदीला शिस्त लावली पाहिजे, हा विचार त्या शतकात पक्का होत गेला.

शिस्त लावायची म्हणजे काय, तर अनेक प्रवाह बंद करून एकच सरळ पात्र ठेवायचे आणि दोन्ही कडा दगडाने बांधायच्या. यामागची कारणे खोटी नव्हती. शहर वाढत होते, काठची जमीन हवी होती, पूल टिकायला हवे होते, तराफ्यांना सरळ वाट हवी होती. पण सरळ केलेल्या नदीचा एक स्वभाव असतो. वळणे गेली की लांबी कमी होते, उतार वाढतो, वेग वाढतो. आडवे पसरायला जागा नसल्यामुळे वेगाने जाणारे पाणी तळ खरवडते. तळ खाली गेला की बांधलेल्या कडेचा पाया उघडा पडतो, मग आणखी दगड घालावे लागतात. तळ रोखण्यासाठी पात्रात आडवे बांध घालावे लागतात. मासे त्या बांधांवरून वर चढू शकत नाहीत. एका दुरुस्तीतून दुसरी दुरुस्ती निघते. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे चित्र फार ओळखीचे वाटेल.

एवढे करूनही सप्टेंबर १८९९ च्या पुरात शहरातले दोन पूल कोसळले. त्यातला एक तर जेमतेम आठ वर्षे आधी बांधलेला होता.

त्याच सुमारास नदीकडे पाहण्याची आणखी एक नजर आली, ती विजेची. १८९४ मध्ये शहराच्या दक्षिणेला पहिले मोठे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९०८ मध्ये म्युनिक महापालिकेचे स्वतःचे केंद्र आले. यासाठी नदीचे पाणी बांध घालून बाजूच्या कालव्यात वळवले जाई. वीज कालव्यावर तयार होई आणि मूळ पात्रात उरेल तेवढे पाणी राही.

इथे दोन माणसांची ओळख करून द्यावीशी वाटते. पहिले गाब्रिएल फॉन झाइडल, शहरातले मोठे वास्तुविशारद. ईझारचे खोरे वीजकेंद्रांखाली जाणार हे पाहून त्यांनी १९०२ मध्ये 'ईझारतालफेराइन', म्हणजे ईझार खोरे मंडळ, स्थापन केले. वर्गणी जमवून काठच्या जमिनी विकत घ्यायच्या आणि राखायच्या, हे या मंडळाचे काम. ते मंडळ आजही चालू आहे. दुसरे ऑस्कर फॉन मिलर, विजेच्या क्षेत्रातले जर्मनीतले अग्रणी अभियंते. त्यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये वाल्खेनझे वीजकेंद्र उभे राहिले. त्यासाठी डोंगरातच ईझारचे पाणी उचलून एका तलावात नेले आणि सुमारे दोनशे मीटर खाली सोडले. ते पाणी दुसऱ्या नदीतून फिरून म्युनिकच्या आधी ईझारला परत मिळते. पण मधला वरचा पट्टा कित्येक दशके बराच काळ कोरडा पडत राहिला. तिथे पाणी पुन्हा सोडायला १९९० साल उजाडले.

गंमत अशी की हे दोघे एकमेकांचे शत्रू नव्हते. मिलर यांनी स्थापन केलेल्या 'डॉइचेस म्युझियम' या विज्ञान संग्रहालयाची इमारत झाइडल यांनीच आखली. ती ईझारच्या एका बेटावर, जिथे पूर्वी तराफे लागत आणि कोळसा उतरत असे, त्या जागी उभी आहे. १९२५ मध्ये ती खुली झाली तेव्हा झाइडल हयात नव्हते. इतिहासाच्या बाई सांगत की माणसांना दोन रांगांत उभे करून इतिहास समजत नाही. ते मला या दोघांमुळे नीट पटले. वीज हवी म्हणणाराही शहराचे भले पाहत होता आणि नदी राहू द्या म्हणणाराही.

शेवटचा मोठा टप्पा सिल्व्हनस्टाइन धरणाचा. १९५४ ते १९५९ या काळात डोंगरात हे धरण बांधले. 'फाल' नावाचे जुने गाव त्यात बुडाले आणि शेजारी नवे वसवले. धोम धरणात गेलेल्या जमिनींच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. या धरणाने म्युनिकला पुरापासून मोठे संरक्षण दिले, हे मान्य करायला हवे. पण धरणाने पाण्याबरोबर गोटेही अडवले. वरून गोटे येणे थांबले की खालची नदी भुकेली होते आणि आपलाच तळ व काठ खात जाते. पुढे जी धूप झाली तिचे एक मूळ इथे आहे.

हिशेब कुठे चुकला

१९८० च्या दशकातली म्युनिकची ईझार डोळ्यांसमोर आणायची तर असे समजा: मध्ये सुमारे पन्नास मीटर रुंदीचे सरळ पात्र, दोन्ही बाजूंना दगड-काँक्रीटच्या तिरक्या कडा, त्यापलीकडे कापलेल्या गवताचे सपाट पट्टे आणि त्यापलीकडे पूर अडवणारे मातीचे बांध. दिसायला नीटनेटके. पण कालव्याकडे पाणी गेल्यावर पात्रात सेकंदाला जेमतेम पाच घनमीटर पाणी सोडले जाई. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर पावणेदोनशे क्युसेकच्या आसपास.

एवढ्या पाण्यात मोठ्या मासळीला थारा नव्हता. ईझारमध्ये हुखेन नावाचा मासा असतो. डॅन्यूबच्या खोऱ्यातला हा मासा मीटरभराहून मोठा वाढतो. त्याला लागते वाहते थंड पाणी, अंडी घालायला मोकळे गोटे आणि वर-खाली ये-जा करायला वाट. बांधलेल्या नदीत तिन्हींची टंचाई होती.

पाण्याच्या दर्जाचा प्रश्न दोन बाजूंनी होता. वरच्या गावांचे सांडपाणी शुद्ध होऊन नदीत येई, पण त्यातले जंतू पूर्ण जात नसत. म्हणून नदीत पोहणे धोक्याचे होते. दुसरे असे की नदी स्वतःही पाणी साफ करत असते, आणि ते काम मुख्यतः काठावर आणि तळाशी होते. उथळ पाणी गोट्यांवरून खळाळत गेले की त्यात हवा मिसळते. गोट्यांवरच्या बुळबुळीत थरात असंख्य सूक्ष्मजीव असतात, ते पाण्यातली घाण खातात. काठावरची झाडे-गवत शेतातून येणारी माती आणि खत अडवतात. गुळगुळीत काँक्रीटच्या कडेवर यातले फारसे काही घडत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट पुराची. नव्याने हिशेब केल्यावर लक्षात आले की शहरातले जुने बांध मोठ्या पुराला कमी पडतील. बांधांवर जुनी झाडे होती, त्यांची मुळे बांधात शिरली होती. काहीतरी करणे भागच होते. तेव्हा सरळ उपाय होता बांध आणखी उंच करण्याचा. ते करता करता नदीला रुंद केले तर पुराच्या पाण्यालाही जागा मिळेल आणि नदीलाही, हा विचार इथे पुढे आला. पूरसंरक्षण आणि नदीचे पुनरुज्जीवन ही दोन वेगळी कामे नाहीत, हे ज्या दिवशी कागदावर आले तो दिवस मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९९५ ते २०११

आपण दहावीला बसलो त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, बव्हेरिया राज्याचे जलखाते आणि म्युनिक महापालिका यांनी मिळून 'ईझार योजना' हाती घेतली. त्याच काळात निसर्गप्रेमी, मासेमारी करणारे आणि इतर संघटनांनी 'ईझार-आलियान्स' नावाची आघाडी केली. राज्य, महापालिका आणि नागरिक अशी तीन टोके एका टेबलाभोवती आली. प्रत्यक्ष काम सुरू झाले फेब्रुवारी २००० मध्ये. म्हणजे पाच वर्षे नुसती मोजणी, हिशेब आणि चर्चा. वाद झाले, पण ते आधी झाले.

बांधण्याआधीची नदी कशी होती, हे त्यांना शोधावे लागले नाही. बव्हेरियात १८०८ पासून जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू झाली होती. जुन्या नकाशांवर प्रवाह, बेटे, काठ सगळे नोंदलेले होते. 'पूर्वी नदी अशीच होती' असे कोणी ठोकून देऊ शकत नव्हते.

योजनेचा पट्टा आठ किलोमीटरचा, दक्षिणेकडच्या ग्रोसहेसेलोहे पुलापासून शहराच्या मध्यावर डॉइचेस म्युझियमपर्यंत. मिलर यांच्या संग्रहालयाच्या दारात झाइडल यांचे स्वप्न येऊन थांबले, असे म्हणायला हरकत नाही. काम काय केले ते क्रमाने सांगते.

पहिले, पाणी. कालव्याकडे जाणाऱ्या पाण्यातले अधिक पाणी मूळ नदीत ठेवायचे ठरले, सेकंदाला पाच घनमीटरऐवजी सुमारे बारा. जे पाणी नदीत सोडले ते जनित्रांना मिळत नाही, म्हणजे महापालिकेने स्वतःच्या विजेवर पाणी सोडले. या शब्दाचा दोन्ही अर्थांनी!

दुसरे, जागा. काँक्रीटच्या कडा काढल्या आणि पात्र जिथे जमेल तिथे पन्नासवरून नव्वद मीटरपर्यंत रुंद केले. कडा सरळ न ठेवता उतरत्या, गोट्यांच्या केल्या.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. काठ मोकळा केला, पण बेवारस सोडला नाही. काठापासून काही मीटर आत, जमिनीखाली, मोठे दगड पुरून ठेवले. जर्मन अभियंते याला 'झोपलेले संरक्षण' म्हणतात. नदीने पुढचा काठ हवा तसा खावा, हलवावा, परत टाकावा. ती फारच आत आली, रस्त्यापर्यंत किंवा बांधापर्यंत पोचू लागली, तरच हे पुरलेले दगड उघडे पडतात आणि तिला तिथे थांबवतात. नदीला मुभा आहे आणि त्या मुभेला मर्यादाही आहे.

चौथे, पात्रातले आडवे बांध काढून त्यांच्या जागी मोठ्या दगडांचे लांब, खडबडीत उतार केले. पाणी तळ खरवडत नाही आणि मासे दगडांच्या आडोशाने थांबत थांबत वर चढतात.

पाचवे, मातीचे बांध. ते उंच आणि मजबूत करायचे तर झाडे तोडावी लागणार होती, आणि त्यावर शहर पेटून उठले असते. मग मार्ग असा काढला की बांधाच्या पोटात माती आणि सिमेंट मिसळून एक उभी भिंत तयार केली. मुळांमुळे बांध फुटण्याची भीती गेली आणि कितीतरी जुनी झाडे वाचली.

सहावे, सांडपाणी. वरच्या गावांच्या शुद्धीकरण केंद्रांत अतिनील किरणांनी जंतू मारण्याची सोय केली. हे काम म्युनिकच्या हद्दीबाहेरचे, खर्च वेगळा, गावे वेगळी. पण ते झाले नसते तर खाली केलेल्या सुंदर काठावर 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी लावावी लागली असती.

भांडणे झाली नाहीत असे नाही. शहराच्या मध्यभागातल्या शेवटच्या तुकड्यासाठी २००३ मध्ये स्पर्धा घेतली. पहिले बक्षीस मिळालेला आराखडा ठळक, रेषाबद्ध, नागरी होता. दुसऱ्या क्रमांकाचा अधिक नैसर्गिक. लोकांनी पहिल्यावर टीकेची झोड उठवली. शेवटी दोन्हींतून तडजोडीचा आराखडा काढला आणि कामाला लागले.

काम अर्धवट असतानाच ऑगस्ट २००५ मध्ये आल्प्समध्ये अतिवृष्टी झाली आणि मोठा पूर आला. वर सिल्व्हनस्टाइन धरणाने भार उचलला, खाली रुंद केलेल्या पात्राने पाणी वाहून नेले, आणि म्युनिकचे मोठे नुकसान टळले. त्या पुराने गोटे हलवले, नवी बेटे रचली, काही काठ खाल्ले, आणि ते सगळे योजनेत धरलेलेच होते.

२०११ च्या उन्हाळ्यात काम संपले. एकूण खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो, राज्य आणि शहर यांनी वाटून घेतलेला.

पुढे काय झाले

आज उन्हाळ्यात म्युनिकचे लोक ऑफिस सुटल्यावर थेट नदीवर येतात. भर शहरात, पुलाखाली, माणसे पोहतात, मुले गोट्यांचे बांध घालतात आणि नदी दुसऱ्या दिवशी ते मोडते. काठाला वाळुंजाची झाडे आपोआप आली आहेत. माशांना वाट मिळाली आहे.

पण नदी पूर्वीसारखी झाली, असे मी म्हणणार नाही. धरण आहे, कालवे आहेत, वीज चालू आहे. धरणामुळे वरून गोटे येत नाहीत, म्हणून धरणाच्या वरच्या टोकाला साठलेले गोटे उकरून ट्रकने खाली आणतात आणि नदीत टाकतात. नदीला गोटे पुरवायला ट्रक लागावा, यातच दीडशे वर्षांच्या कामाची किंमत कळते. मोठा पाऊस झाला की जंतू वाढतात, तेव्हा पाण्यात न उतरणेच बरे. आणि गर्दी झाली की कचरा होतो, तो जर्मनीतही होतो. यश मिळाले की त्याची राखणही करावी लागते.

कृष्णाकाठी

आता आपल्या नदीकडे येते. ईझारचा नमुना उचलून कृष्णेवर ठेवावा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपला सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. आपला काठ गोट्यांचा कमी आणि मातीचा जास्त. खाली कराड-सांगलीकडे मळीची जमीन आहे, आणि ती कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांच्या मळीचा काठ ढासळून नदीत गेला, त्यांना 'धूप हा नदीचा स्वभाव आहे' असे सांगायला मी धजणार नाही. त्यांचे नुकसान खरे आहे.

पण नदीपुढे नुसते छाती काढून उभे राहायचे नसते, हे आपल्याला जर्मनांनी शिकवायची गरज नाही. वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे, हे आपण लहानपणापासून पाहतो. पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगावे आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून ती तशी आहे. पाण्याला अडवण्यापेक्षा वाट करून देण्याचा तो विचार आहे. आपले घाट आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट पाहा. पाणी पायऱ्या चढते, पायऱ्या उतरते. घाट पुरात बुडतो आणि पूर ओसरला की धुऊन पुन्हा वापरात येतो. जिथे माणसांचा वावर तिथे दगडी घाट, आणि दोन घाटांच्या मध्ये करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, निर्गुडी यांचा काठ, अशी ती जुनी विभागणी होती. पुरात लव्हाळी का टिकतात, हे तुकोबांनी आपल्याला याच शाळेत मराठीच्या तासाला शिकवले.

वाळुंजाचे नाव मी मुद्दाम दोनदा घेतले. ईझारकाठी जे झाड काठ धरून ठेवते, त्याचेच भाऊबंद आपल्या वाळुंजात आहेत. एकाच कुळातली ही झाडे पाण्यात उभी राहतात, वाकतात, मोडलेल्या फांदीतून पुन्हा फुटतात. कृष्णाकाठी ती होतीच. भिंत बांधताना पहिला बळी त्यांचा जातो.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की आपल्या भागात नदीकाठाच्या कामाचा विषय निघेल तेव्हा आपल्यातल्या कोणीतरी चार प्रश्न विचारावेत. इथे काठ नेमका का ढासळतो आहे: वरून वाळू यायची थांबली म्हणून, वाळू उपसली म्हणून, की झाडे तोडली म्हणून? भिंत बांधली तर तिच्या खालच्या बाजूच्या शेताचे काय होईल? कारण भिंतीवरून सुटलेले पाणी जिथे भिंत संपते तिथला काठ आधी खाते. नदीला थोडी जागा देऊन आत पुरलेल्या दगडांनी भागेल का? आणि काठ सजवण्याआधी सांडपाण्याचे काय केले? आपल्या तुकडीत शेतकरी आहेत, ठेकेदार आहेत, शिक्षक आहेत, पंचायतीत बसणारे आहेत. हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही.

आणि एक काम या मेळाव्यातच होऊ शकेल. म्युनिकपाशी १८०८ पासूनचे नकाशे होते. आपल्यापाशी फोटो आहेत. शाळेच्या सहलींचे, कृष्णाबाईच्या उत्सवाचे, घाटावरच्या मुंजी-लग्नांचे. त्या प्रत्येक फोटोत पाठीमागे नदीचा काठ आहे. कुठले झाड होते, पाणी कुठवर होते, काठ किती पुढे होता, हे त्यात नोंदले गेले आहे. आपले सर आणि बाई यांना तर आपल्या जन्माच्या आधीची, धरणाच्या आधीची नदी आठवते. ती आठवण लिहून घ्यायला आता फार उशीर करून चालणार नाही. ज्यांच्याकडे असे फोटो आहेत त्यांनी मागे साल आणि जागा लिहून मेळाव्याला आणावेत. ते स्कॅन करून, साल-जागेप्रमाणे लावून, शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याचे काम माझ्याकडे. सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणीचा तेवढा तरी उपयोग व्हावा.